मीराताईंचा पत्ता देऊन आलेली बाई

घाटकोपरला, पंतनगरातल्या आमच्या इमारतीत मीरा अहिरे चौथ्या मजल्यावर राहतात, मी तिसऱ्या. त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असते, माझी त्यांच्याकडे. माझे सासरे मालवणहून गिरणीत कामाला आले, त्यांचे वडील मनमाडहून रेल्वेत. आमच्याकडे घावणे झाले की पहिलं ताट वर जातं, आणि चौदा एप्रिलला आमच्या घरात स्वयंपाक होतच नाही, सगळे वर जेवतात.

मीराताई टेलिफोन खात्यात होत्या. एकशे सत्त्याण्णव नंबर फिरवून कुणाचा तरी नंबर विचारला की जो आवाज यायचा, त्यातला एक त्यांचा. पुढे लोकांनी विचारणं बंद केलं, खातं रोडावलं आणि करोनाच्या जरा आधी सगळ्यांबरोबर त्यांनीही स्वेच्छानिवृत्ती घेतली. नवरा अंबादास आधीच गेलेला. एकच मुलगी, श्वेता. हुशार, हट्टी. इथे मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून युक्रेनला गेली, खार्किव्ह शहरात.

तिसऱ्या वर्षाला असताना तिथे युद्ध सुरू झालं. ते दिवस आमची सगळी इमारत विसरलेली नाही. मीराताई जेवत नव्हत्या. फोन हातातून सुटत नव्हता. श्वेता आणि तिच्या दोन मैत्रिणी सहाव्या मजल्यावर भाड्याने राहायच्या. खाली तळमजल्यावर एक बाई होती, एकटीच, ट्रॉलीबस चालवून निवृत्त झालेली. तिने या पोरींना आपल्या घरात घेतलं. दिवसा घरात, सायरन झाला की तळघरात. श्वेता फोनवर सांगायची, "आई, गाल्या मावशीने आज सूप केलंय. आई, गाल्या मावशीने तिची गादी आम्हाला दिली." शेवटी गोळीबारातून चालत ती त्यांना स्टेशनवर घेऊन गेली, गाडीच्या दारातल्या गर्दीत खांदा घालून तिघींना आत ढकललं आणि एकटी परत फिरली. आमच्या घरांत तिचं नाव गाल्या मावशी. दुसरं काही नाव असेल असा विचारसुद्धा कुणी केला नाही.

श्वेता परत आली, दुसऱ्या देशात जाऊन डिग्री पुरी केली, इथली परीक्षा पास झाली आणि आता एका हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप करते. गाल्याशी तिचं बोलणं चालूच होतं. या वर्षी तिने हट्टच धरला, "मावशी, एकदा तरी ये. आमच्याच घरी राहायचं." गाल्याने टुरिस्ट व्हिसा काढला. भारतात कुठे राहणार, त्या रकान्यात मीराताईंचं नाव, त्यांचा पत्ता, त्यांचा मोबाइल दिला. त्यांच्या देशातून विमानं उडत नाहीत, त्यामुळे बसने पोलंड गाठायचं आणि तिथून पुढे. पुढच्या रविवारी येणार असं ठरलं होतं. मीराताईंनी पडदे धुतले, श्वेताची खोली रिकामी केली, आणि मला विचारलं, "दीप्ती, या लोकांना आपलं तिखट चालत नसेल ना गं? मग मी काय करू? नुसता भात?"

आता मीराताईंना आलेल्या फोनबद्दल सांगायचं तर आधी मधुवंतीबाईंचं सांगायला हवं. पलीकडच्या विंगमध्ये राहतात, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांना मागे फसवणुकीचा एक फोन आला होता. विमानतळावरून बोलतोय, तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, तुम्हाला अटक झालीय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. दोन दिवस ती बाई व्हिडिओ कॉलसमोर बसून होती. कुणाला हाक मारली नाही, दार उघडलं नाही. भावाने दार तोडून घेतलं तेव्हा म्हणाली, "हळू बोल, साहेब ऐकतायत." त्यानंतर आमच्या इमारतीत विमानतळ हा शब्द ऐकला तरी लोक फोन ठेवतात.

तर शुक्रवारी सकाळी मीराताईंना फोन आला. माणूस हिंदीत बोलत होता.

"एअरपोर्ट से बोल रहा हूँ, इमिग्रेशन. मीरा अहिरे? एक फॉरेन नॅशनल ने आपका पता दिया है."

मीराताईंनी फोन कट केला. पुन्हा आला. या वेळी तो माणूस भरभर बोलला. "मॅडम, फोन मत रखिए. हालिना ओस्तापचुक. आप जानती हैं? आपके घर रहने आई हैं."

"हालिना नाम का कोई मेरे पहचान में नहीं है," मीराताई म्हणाल्या. "और ये धंदा बंद करो. मैं खुद टेलिफोन में थी." आणि नंबर ब्लॉक केला.

मग जिन्यात भेटल्या तेव्हा मला हे सगळं रंगवून सांगितलं. चेहऱ्यावर कोण आनंद! मीही म्हटलं, बरं झालं. मला तरी कुठे माहीत होतं.

श्वेता रात्रपाळी आणि तिला जोडून आलेली सकाळची ड्युटी करून दुपारी घरी आली. मीराताईंनी ताट वाढलं आणि वाढता वाढता तेच सांगायला घेतलं. "अगं, आज मलाही आला तसला फोन. म्हणे कुणी हालिना म्हणून आलीय, तुमच्याकडे राहणार आहे."

श्वेताचा घास हातातच राहिला.

"काय नाव म्हणालीस?"

"हालिना. पुढे काहीतरी चुक."

"ओस्तापचुक?"

"हां, तेच. तुला कसं माहीत?"

"आई, गाल्या म्हणजेच हालिना. पासपोर्टवर हालिना असतं, घरी गाल्या म्हणतात." श्वेता उभी राहिली होती, उष्टा हात तसाच. "तू काय सांगितलंस त्यांना?"

मीराताई मला नंतर म्हणाल्या, त्या वेळी कानात फक्त कुकरची शिट्टी ऐकू येत होती आणि तो बंद करायचं सुचत नव्हतं.

श्वेताने फोन उघडला. दोन दिवसांपूर्वीचा मेसेज होता, न वाचलेला. बस लवकरची मिळाली, म्हणून विमानही अलीकडचं घेतलंय. शुक्रवारी सकाळी पोचते. सलगच्या ड्युट्यांत श्वेताने ते अॅप उघडलंच नव्हतं, आणि गाल्याचं सिम इथे चालत नव्हतं.

त्या दोघी जिना उतरल्या तेव्हा मी दारातच होते. श्वेताच्या पायात एक चप्पल तिची, एक आईची. मीराताईंनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळख नसल्यासारखं. "काय झालं?" मी विचारलं, तर श्वेता धावताधावताच ओरडली, "गाल्या मावशी आलीय, आणि आईने तिला ओळखत नाही म्हणून सांगितलंय!"

मी कठड्यावरून वाकून बघितलं, तोवर त्या इमारतीबाहेर पडल्या होत्या.

रिक्षात श्वेताने तो नंबर ब्लॉकमधून काढला आणि फिरवला. कुणी उचलेना. असल्फा, साकीनाका, जिकडेतिकडे ट्रॅफिक. श्वेता विमान कंपनीला फोन लावत होती, मेलवर मेल पाठवत होती. मीराताई एकच वाक्य बोलत होत्या, "माझ्या तोंडून कसं गेलं गं? कसं गेलं?" श्वेता आईवर चिडली होती आणि बोललं तर रडू येईल म्हणून फोनमधून मान वर काढत नव्हती.

टर्मिनलवर आत कोण सोडणार? दारावरच्या जवानाने तिकीट मागितलं. श्वेताने त्याला फोनमधले फोटो दाखवले. तळघरातला एक फोटो होता, चौघी एका पांघरुणात. तो म्हणाला, "मैं समझता हूँ, लेकिन मेरे हाथ में नहीं है," आणि विमान कंपनीचं काउंटर कुठे ते दाखवलं. काउंटरवर प्रियंका नावाची मुलगी होती. तिने नाव ऐकलं मात्र, तिचा चेहरा बदलला.

"त्या आतच आहेत," ती म्हणाली. "संध्याकाळच्या फ्लाइटने परत पाठवायचं चाललंय. त्यांची बॅग टॅग झालीय."

"का पण?" मीराताईंनी विचारलं.

प्रियंकाला कोण विचारतंय ते माहीत नव्हतं. ती सहज म्हणाली, "ज्या पत्त्यावर राहणार म्हणून सांगितलं, तिथल्या बाईंनी ओळखतच नाही म्हणून सांगितलं. हॉटेलचं बुकिंग नाही. मग कुठे राहणार ते कळायला नको?"

मीराताई म्हणाल्या, "ती बाई मीच."

प्रियंका त्यांचा नंबर घेऊन आत गेली.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. सकाळचाच आवाज, पण आता मराठीत. "मीरा अहिरे? सकाळी तुम्ही ओळखत नाही म्हणालात. आता ओळखता?"

"ओळखते," मीराताई म्हणाल्या. आणि खोटं नको म्हणून लगेच पुढे म्हणाल्या, "म्हणजे, भेटले नाही कधी."

पलीकडून प्रश्न आला,

"न भेटलेली बाई तुमच्या घरी राहणार?"

"माझी मुलगी यांच्या घरी राहिली होती, साहेब. तेव्हा या तरी तिला कुठे ओळखत होत्या? वरून बॉम्ब पडत होते. सकाळी तुम्ही गाल्या म्हणाला असतात तर..." श्वेताने फोन घेतला आणि नीट सगळं सांगितलं.

साहेबांनी आधार कार्ड मागितलं, घराच्या पत्त्याचा पुरावा मागितला, श्वेताची तिकडच्या कॉलेजची कागदपत्रं मागितली. तेव्हा मला फोन आला. मी वर जाऊन दार उघडलं. कुकरमधली डाळ करपून घरभर वास. गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि विजेच्या बिलाचा फोटो काढून पाठवला.

शेवटी साहेबांनी सोडलं. एवढंच बजावलं, "परदेशी माणूस घरी ठेवला की चोवीस तासांच्या आत पोलिसांच्या साइटवर नोंद करायची. जागा बदलली तर पुन्हा. हे विसरलात तर मग मला फोन करावा लागेल, आणि तुम्ही तो उचलणार नाही."

गाल्या बाहेर आली. मीराताईंनी मनात कुणी उंचपुरी बाई धरली होती. ही बुटकी, पासष्टीची, फेब्रुवारीच्या उकाड्यातही जाड कोट हातावर घेतलेली. श्वेताला पाहिल्यावर तिने बॅग सोडली, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग मीराताईंकडे वळली. श्वेताला काहीतरी विचारलं.

श्वेताने तिची बॅग उचलून घेतली.

"काय म्हणतेय?" मीराताईंनी विचारलं.

"काही नाही."

"श्वेता, सांग."

"विचारतेय, मी आलेलं तुझ्या आईला नको आहे का?"

मीराताई तिथेच, लोकांच्या पायांत, ट्रॉल्यांच्या रांगेशेजारी खाली बसल्या. गाल्याच घाबरून वाकली, तिने त्यांना काखेत हात घालून उठवलं. श्वेताने मग सगळं समजावून सांगितलं, ते फसवणुकीचे फोन, मधुवंतीबाई, नावाचा घोळ. गाल्याने मान हलवली. म्हणाली, आमच्याकडेही येतात असे फोन, बँकेतून बोलतोय म्हणून. पण ती हसली नाही.

घरी आल्यावर ती भात-दही जेवली, आभार मानले आणि खोलीत गेली. बॅग उघडली नाही. दाराशी, चपलांच्या रॅकला टेकवून ठेवली. कोट त्यावर. बूट बाहेर तोंड करून. मीराताई रात्रभर त्या बॅगेकडे बघत बसल्या. सकाळी मला म्हणाल्या, "दीप्ती, तिला वाटतंय, पुन्हा कुणीतरी येईल आणि जा म्हणेल."

आणि खरंच लोक आले. श्वेताने रात्रीच ऑनलाइन नोंद केली होती, त्यामुळे शनिवारी चौकीतला हवालदार चौकशीला आला. सोसायटीचे सेक्रेटरी अण्णा वर चढले, "परवानगी घेतली का?" म्हणून. मीराताई एरवी अण्णांशी नमून बोलतात. त्या दिवशी त्यांनी दार पुरतं उघडलं आणि म्हणाल्या, "अण्णा, ही बसलीय आत. जे विचारायचं ते तिला विचारा, पण मराठीत विचारू नका, तिला येत नाही." अण्णा चहा पिऊन गेले.

खरा धक्का त्यानंतर बसला.

आम्ही घाटकोपरचे लोक विमानं ऐकतच नाही. दर थोड्या वेळाने एक डोक्यावरून उतरतं, इतकं खाली की चाकं दिसतात. टीव्हीचा आवाज वाढवायचा, फोनवर "जरा थांब" म्हणायचं आणि पुढे चालू. शुक्रवारी गाल्या थकून मेल्यासारखी पडली होती. शनिवारी दुपारी श्वेता ड्युटीवर गेलेली. मीराताई टेबलावर मेथी निवडत होत्या, गाल्याही समोर बसून निवडायला लागली होती. एक मोठं विमान आलं. खिडकीची काच थरथरली.

मीराताईंना काय झालं ते कळलंच नाही. मनगटाला हिसका बसला, खुर्ची उलटली आणि त्या टेबलाखाली होत्या. गाल्या त्यांच्यावर पालथी पडली होती. तिने एक हात मीराताईंच्या डोक्यावर दाबून धरला होता, दुसऱ्याने त्यांचा कान झाकला होता, आणि पुटपुटत होती काहीतरी, एकसारखं, लहान मुलाला समजावतात तसं.

विमान गेलं. गाल्या उठली नाही. मग दुसरं विमान आलं.

मी आवाज ऐकून किल्लीने दार उघडून आत गेले, तेव्हा त्या दोघी टेबलाखालीच होत्या. फरशीभर मेथी. मी खाली वाकले. मीराताईंनी माझ्याकडे बघितलं, डोळे इतके मोठे झालेले, आणि म्हणाल्या, "दीप्ती, तिने आधी मला ओढलं. स्वतः नंतर वाकली. आधी मला."

हे त्यांनी त्या दिवशी मला किती वेळा सांगितलं असेल! श्वेता आल्यावर तिला सांगितलं. रात्री पाणी प्यायला उठल्या तेव्हा फोन करून मला सांगितलं. काल मी हिला दारातून परत पाठवत होते, आणि आज हिने मला अंगाखाली घेतलं. दोन्ही गोष्टी लागोपाठच्या दोन दिवसांत कशा झाल्या, हे त्यांना पटतच नव्हतं.

श्वेता डोकं धरून बसली होती. "आई, माझ्या कसं लक्षात आलं नाही? मीच पहिले सहा महिने कानात कापूस घालून झोपायचे. मी तिला विश्रांतीला बोलावलं, आणि विमानाखाली आणून ठेवलं."

गाल्याने मात्र लाज वाटल्यासारखं केलं. सवय होईल म्हणाली. आणि रात्रभर बाथरूममध्ये बसून राहिली, कारण तिथे खिडकी नाही.

रविवारी सकाळी मीराताईंनी ठरवलं. त्यांचा भाऊ सीताराम कांदिवलीला राहतो, पूर्वेला, पार जंगलाच्या बाजूला. मागे डोंगर, समोर झाडं. तिथे विमानाचा एवढा आवाज नाही. सीतारामला फोन केला. "मी येतेय. माझ्याबरोबर एक पाहुणी आहे. किती दिवस ते विचारू नकोस." वहिनी जरा कुरकुरली, दोनच खोल्या आहेत, ही परदेशी बाई कुठे झोपणार? सीताराम म्हणाला, "ताई आणि ती पलंगावर. आपण बाहेर." झालं.

जागा बदलली म्हणजे पुन्हा नोंद. या वेळी मीराताईंनी श्वेताला सांगितलं नाही. कांदिवलीच्या सायबर कॅफेत गाल्याला शेजारी बसवलं, सीतारामकडून त्याची सगळी माहिती घेतली आणि स्वतः एकेक अक्षर शोधत भरलं. नंतर स्वतःहून चौकीत जाऊन सांगून आल्या. तिथल्या बाईने विचारलं, "तुम्ही कशाला आलात? गरज पडली तर आम्ही आलो असतो." मीराताई म्हणाल्या, "तुमच्याकडे नाव नीट लिहिलेलं असू दे. तिची दोन नावं आहेत."

मी एकदा भेटायला गेले. दुपारची वेळ होती. सीतारामच्या गॅलरीत गाल्या मीराताईंचा जुना गाऊन घालून बसली होती आणि त्या तिच्या डोक्याला खोबरेल तेल लावत होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. मीराताई मराठीत बडबडत होत्या, माझ्या मिस्टरांचा स्वभाव असा होता, श्वेता लहानपणी अशी होती. गाल्या मध्येच तिच्या भाषेत काही बोलायची. "काय म्हणतेय ती?" मी विचारलं. मीराताई म्हणाल्या, "ते मला काय माहीत? पण बोलतेय ना." आतल्या खोलीत बॅग उघडी होती, कपडे दोरीवर वाळत होते.

महिन्याभराने गाल्या परत गेली. श्वेताने खूप सांगितलं, राहा, व्हिसाला अजून मुदत आहे. पण तिच्या शेजारी एक अंथरुणाला खिळलेला म्हातारा राहतो, त्याच्या औषधाचं ती बघते. युद्ध असलं तरी त्याला कोण बघणार, असं तिचं म्हणणं. जाताना ती मीराताईंच्या गळ्यात पडली, आणि मीराताईंनी तिला सोडायला बराच वेळ घेतला. पुढच्या हिवाळ्यात यायचं कबूल करून गेली. आता तिथून व्हिडिओ कॉल येतो तेव्हा कधी अंधारच असतो, वीज नसते. नुसता आवाज येतो.

आम्हाला वाटलं, झालं ते झालं. पण गेल्या आठवड्यात मीराताई खाली आल्या, माझ्या स्वयंपाकघरात बसल्या आणि म्हणाल्या, "मी ही जागा भाड्याने देतेय. कांदिवलीला, सीतारामच्या बिल्डिंगमध्येच, दुसरी बघितलीय."

मी लाटणं खाली ठेवलं. "म्हणजे? तुम्ही जाणार?"

"पुढच्या हिवाळ्यात ती येणार. परत सीतारामला बाहेर झोपवू?"

"अहो, महिन्यासाठी येणार ती! महिन्यासाठी आख्खं घर हलवणार तुम्ही? तीस वर्षं झाली इथे. श्वेताचं हॉस्पिटल, तुमचं विहार, आम्ही सगळे..."

"श्वेता बोलली हेच. वेडी झालीस म्हणाली."

"मग?"

"दीप्ती, आता मलाच झोप येत नाही गं इथे," त्या म्हणाल्या. "विमान आलं की मी हात धरायला बघते. शेजारी कुणी नसतं." मग उठल्या, माझ्या परातीतला एक गोळा घेतला आणि लाटायला लागल्या. मी उभीच होते. तीस वर्षांत मला कधी वाटलं नव्हतं की वरच्या मजल्यावरून या बाई जातील.

एक तारखेला टेम्पो येणार आहे.